दिवा विझला म्हणजे लॅपटॉप बंद झाला?

जुलैत खानापुरात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. मलप्रभा दुथडी भरलेली, कणकुंबीच्या अंगाला पावसाची झोड, आणि कुठंतरी तारेवर फांदी पडलेली. अशाच एका संध्याकाळी शेजारची मुलगी प्रोजेक्टचा अहवाल लिहीत बसली होती. ती बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. बॅटरी नऊ टक्के, सात टक्के, पाच टक्के, आणि स्क्रीन काळी. अगदी शेवटच्या क्षणी लॅपटॉप आपणहून हायबरनेट झाला, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून निजला. त्यानं करायला हवं तेच केलं. दुसऱ्या दिवशी ती तो तसाच घेऊन बेळगावला गेली, रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, वाढवायचं आधीपासून ठरलं होतं. दुकानातल्या पोरानं बघितलं: दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, म्हणजे बंद. खालचं झाकण उघडून त्यानं आठ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. संध्याकाळी मुलगी माझ्या दारात.

"काका, उठायलाच नाही की ओ हा."

कंपनीचं चिन्ह यायचं, खाली गोल फिरणारे ठिपके, मग काळोख. बटण दाबून धरून बंद केलं तरी पुन्हा तेच. तिच्या आजीचं निदान तयार होतं: काल अमावस्या होती. दुकानदाराचं फोनवरचं निदान, "आत करंट अडकलाय." यातलं दुसरं निदान निदान तपासून तरी बघता येतं. त्याच्याकडं नंतर येतो.

हायबरनेशनला आपण शीतनिद्रा म्हणतो आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. आमच्या रानातला बेडूक उन्हाळाभर मातीखाली पडून असतो आणि पावसाला बाहेर येऊन ओरडू लागतो. पडून असताना त्याचं हृदय सावकाश का होईना, चालू असतं. हे वर्णन लॅपटॉपच्या साध्या झोपेला, म्हणजे 'स्लीप'ला लागू पडतं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली एसीपीआय नावाचं प्रमाणक, म्हणजे यंत्राची वीज कशी सांभाळायची याची सामाईक नियमावली, आणलं. त्यात झोपेच्या अवस्थांना क्रमांक आहेत. एस-३ मध्ये बाकी सगळं निजतं, पण रॅमला वीज मिळत राहते. एस-४ म्हणजे हायबरनेशन, त्यात रॅमचीही वीज तुटते. हृदयच थांबतं. कणगीतल्या नाचणीच्या दाण्याशी त्याची तुलना केली तर एकवेळ चालेल, बेडकाशी नको.

रॅमची वीज तुटली की काय जातं, हे कळायला रॅम आत कशी असते ते बघू. १९६६ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक कल्पना सुचली: माहितीचा एक बिट साठवायला एकच ट्रान्झिस्टर (विजेचा स्विच) आणि एकच इवलासा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) पुरे. कपॅसिटर भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. आजही आपली रॅम याच तत्त्वावर चालते. आठ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,९०० कोटी कपॅसिटर असतात. ते असतात मात्र गळक्या घागरींसारखे. म्हणून एक यंत्रणा सतत या घागरींवरून फिरत असते. अर्ध्याहून जास्त भरलेली दिसली तर काठोकाठ भरायची, कमी दिसली तर पालथी करायची. साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घागरीची पाळी यायलाच हवी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा फेऱ्या. फेऱ्या थांबल्या की अहवाल, उघडलेल्या खिडक्या, अर्धवट वाक्य, सगळं झिरपून जातं. ते क्षणार्धात मात्र जात नाही. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅम उणे ५० अंशांच्या आसपास गार करून वीज काढून घेतली, तर दहा मिनिटांनंतरही जवळजवळ सगळे बिट शाबूत होते. आपल्या हवेत तेवढी सवड मिळत नाही.

म्हणून हायबरनेशन करताना रॅमचा फोटो काढून डिस्कवर ठेवतात. विंडोजमध्ये हा फोटो सी ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फाइलीत जातो, लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्वॅप नावाच्या जागेत. उठताना फोटो परत रॅममध्ये पसरायचा, की झालं. ऐकायला सोपं वाटतं. आता पुढचं जरा सावकाश वाचा, कारण गेली कित्येक वर्षं मी याच गोष्टीवर लट्टू आहे. लिनक्सचा प्रोग्राम कुणालाही वाचता येतो, म्हणून उदाहरण त्याचं घेतो.

फोटो काढणारा प्रोग्राम म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि तोही त्याच रॅममध्ये राहतो. फोटो हलू नये म्हणून तो आधी सगळ्यांना गप्प बसवतो, बाकीचे प्रोग्राम गोठवतो, उपकरणं शांत करतो, आणि मग मेमरीची नक्कल मोकळ्या जागेत उतरवतो. या नकलेत तो स्वतःही येतो, नेमका 'क्लिक' करण्याच्या पवित्र्यात. क्लिक झाल्यावर पुढच्या ओळी असतात: आता हे डिस्कवर लिही आणि वीज तोड. संध्याकाळ संपली.

सकाळी आपण बटण दाबतो. एक नवा, कोरा कर्नल सुरू होतो. त्याला डिस्कवर फोटो सापडतो. फोटोतलं प्रत्येक पान (मेमरीचा एकेक छोटा कप्पा) रॅममध्ये पूर्वीच्याच जागी ठेवायचं असतं, पण त्यातल्या काही जागांवर तो स्वतःच बसलेला असतो! मग तो आपला एक छोटासा तुकडा सुरक्षित कोपऱ्यात नेऊन ठेवतो. हा तुकडा नव्या कर्नलच्या अंगावर जुना कर्नल पसरतो, शेवटचं पान ठेवतो आणि जुन्या कर्नलमध्ये उडी मारतो. नवा कर्नल जन्मला तो एवढ्याच कामासाठी.

जुना कर्नल जागा होतो तो कुठं? क्लिकच्या लगेच पुढच्या ओळीवर. काल संध्याकाळी तो तिथंच होता आणि त्याच्या लेखी मधे काहीच घडलेलं नाही, रात्र नाही की पाऊस नाही. पण पुढं लिहिलंय काय? डिस्कवर लिही आणि वीज तोड! तसं झालं तर लॅपटॉप उठल्या उठल्या पुन्हा निजेल आणि हेच चक्र कायम चालू राहील. यावरचा तोडगा एवढुसा आहे. फोटो काढण्याआधी 'इन-सस्पेंड' नावाच्या एका खणात १ हा आकडा ठेवतात, म्हणून फोटोतही १ च असतो. सगळी पानं मांडून उडी मारली की जुन्या कर्नलच्या दाराशीच ठेवलेल्या काही ओळी तेवढ्या एकाच खणात ० लिहितात. क्लिकनंतरच्या ओळीवर आल्यावर कर्नल खणात डोकावतो. १ असेल तर संध्याकाळ, फोटो लिहायला घे. ० असेल तर सकाळ, सगळ्यांना उठव. तीच ओळ दोनदा चालते, आणि काळवेळ कळते ती एका आकड्यावरून. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं, फरक इतकाच की ही जादू उघडून बघता येते.

फोटोवर आणखी एक खूण असते. विंडोज त्या फाइलीच्या सुरुवातीला चार अक्षरं लिहितं, 'वैध फोटो' या अर्थाची. फोटो वापरून झाला की ती बदलून 'वेक' अशी अक्षरं येतात, कंडक्टरनं तिकिटाला टोचा मारावा तशी. कारण एकच फोटो दोनदा वापरला तर अनर्थ होतो. पहिल्यांदा उठल्यावर डिस्कवरच्या फाइली बदललेल्या असतात, आणि जुन्या फोटोतल्या कर्नलला वाटत असतं की त्या कालच्यासारख्याच आहेत. तो त्या समजुतीवर लिहायला लागला की डिस्कवर खिचडी झालीच.

आणि यंत्र कालचंच आहे का, हेही पाहावं लागतं. एसीपीआयमध्ये यंत्राच्या घडणीची एक सही असते. झोपतानाची सही उठतानाच्या सहीशी जुळली नाही, तर फोटो वापरू नये असा नियम आहे. आमच्या लॅपटॉपचं दुखणं इथं होतं. आठ जीबीच्या घरात झोपलेल्याला सोळा जीबीच्या घरात उठवायचा प्रयत्न चालला होता. नियमानं फोटो सरळ टाकून द्यायला हवा होता, पण त्याआधीच कुठंतरी गाडी अडकत होती. मी नवी पट्टी काढली. पण तोवर बटण दाबदाबून इतक्या वेळा प्रयत्न झाले होते की फोटो बाद ठरला होता. विंडोज कोरं सुरू झालं. लिहिण्याचा प्रोग्राम अधूनमधून आपोआप जतन करतो म्हणून अहवाल वाचला, शेवटची अडीच पानं तेवढी गेली.

सगळ्यांची अडचण अशी नसते. बऱ्याचदा लॅपटॉप उठलेला असतो, पण पडदा उठलेला नसतो. ग्राफिक्सच्या चिपची आतली स्थिती फोटोत येत नाही. तिला नव्यानं सगळं शिकवायचं काम ड्रायव्हरचं, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचं, आणि तिथं तो गडबडतो. म्हणून पडदा काळा दिसला तर आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. दिवाही लागत नसेल तर पेन ड्राइव्ह, माउस, चार्जर सगळं काढा आणि पॉवरचं बटण दाबून धरा.

आता त्या 'अडकलेल्या करंट'चं बघू. बटण अर्धा मिनिट दाबून धरल्यानं कधी कधी खरंच गुण येतो, पण आत भुतासारखा करंट दडून बसलेला असतो म्हणून नव्हे. बटण, झाकण, चार्जिंग सांभाळणारी एक छोटी चिप बॅटरीवर सदैव जागी असते. ती गोंधळली तर लॅपटॉप बंद करूनही ती गोंधळलेलीच राहते. दाबून धरल्यावर बऱ्याच यंत्रांत ती पहिल्यापासून सुरू होते. एवढ्यासाठी 'स्टॅटिक काढलं' म्हणून कुणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका. आणि खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू पंख्याच्या जाळीवर वाहू नका. मी एक पंखा उघडून पाहिलाय, आत पिवळा थर होता.

उठण्याचं दुखणं पुन:पुन्हा येत असेल तर ग्राफिक्सचा आणि चिपसेटचा ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. फोटोची फाइल खराब झाल्याचा संशय आला तर हायबरनेशन एकदा बंद करून पुन्हा चालू करा. बंद करताना ती फाइल पुसली जाते, चालू करताना नवी होते. आधी कामं जतन करा, हे वेगळं सांगायला नको.

दुकानातल्या त्या पोराला मी फार दोष देत नाही, कारण दिवा विझलेला लॅपटॉप बंद आहे असं सगळेच समजतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नलचा फोटो काढून डिस्कवर ठेवला जातो. पूर्ण बंद करायचं तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करावं लागतं. याउलट 'रीस्टार्ट' केलं की सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. झाकण उघडून रॅम बदलण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

पट्टी परत बसवून, सगळं चालू करून दिल्यावर त्या मुलीला मी टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली 'अप टाइम'. तिचा अर्थातच काही मिनिटांचा होता. मग तिनं माझा लॅपटॉप पुढ्यात ओढला. तो मी रोज रात्री न चुकता शट डाउन करतो. अप टाइम होता तेवीस दिवस.

"काका," ती म्हणाली, "तुमचा तर झोपलेलाच नाही की."