घूं आवाज येतो, पाणी येत नाही

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे दोनेक तास वीज गेली. परत आली तेव्हा पंखे फिरले, फ्रीज थरथरून सुरू झाला आणि बैठकीतल्या फिश टँकचा फिल्टर नुसताच घुमत राहिला. धार काही पडेना. मी लगेच कामाला लागलो. फिल्टर उचलून सगळा सुटा केला, आतली चक्री घासली आणि स्पंज नळाखाली धरून नितळ पाणी येईपर्यंत पिळून काढला. फिल्टर सुरू झाला. टाकी इतकी चकाचक कधीच दिसली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी दोन मॉली आणि एक गोल्डफिश वर तरंगत होते.

फिल्टर बंद होता तेव्हा मासे धडधाकट होते. मेले ते मी तो दुरुस्त केल्यावर. कसे, ते पुढे सांगतो. आधी तो घूं आवाज.

पाण्यात बुडवलेल्या या मोटरमध्ये पाणी कसं शिरत नाही, असं मला लहानपणापासून वाटायचं. शिरतंच. तारांचं वेटोळं, म्हणजे कॉइल, इपॉक्सीत कायमचं गाडलेलं असतं. त्याच्या शेजारच्या खोबणीत एक गोल चुंबक चक्क पाण्यात बुडून फिरतो, आणि त्याच्याच डोक्यावर पात्यांची छोटी चक्री असते, तिला इम्पेलर म्हणतात. दोघांच्या मध्ये प्लास्टिकची भिंत. चुंबकीय क्षेत्र त्या भिंतीतून आरपार जातं, त्यामुळे भोक पाडून दांडा आत न्यावा लागत नाही. भोकच नाही, तर गळणार कुठून?

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. कॉइलचे ध्रुव त्या लयीत उलटसुलट होतात आणि चुंबक त्यांच्यामागे धावतो: सेकंदाला 50 फेरे, मिनिटाला 3000. हळू फिरणं या मोटरला जमतच नाही. एक तर पूर्ण वेगाने फिरेल, नाहीतर जागच्या जागी थरथरत बसेल. सुरू होताना तर कुठल्या दिशेने फिरायचं हेही तिला ठाऊक नसतं. आज उजवीकडे, उद्या डावीकडे. म्हणूनच पाती सरळ असतात. बऱ्याच फिल्टरांत चक्री चुंबकावर थोडी सैलही बसवलेली असते, म्हणजे चुंबकाला आधी मोकळा झोका मिळतो आणि पाण्याचं ओझं मागाहून येतं. ती सैल चक्री हाताला लागली की लोकांना वाटतं, तुटली. तुटलेली नसते.

आता वीज गेल्यावरच हा घोळ का होतो ते कळेल. फिरत्या चुंबकाला वाळूचा कण किंवा चिकट थर जाणवत नाही, वेगाच्या भरात तो निभावून नेतो. थांबल्यावर मात्र त्याच थरातून नव्याने सुटायला लागणारा जोर त्याच्यापाशी नसतो. बिघाड महिनाभर आधी झालेला असतो, वीज जाते तेव्हा तो उघडकीला येतो इतकंच.

तर सगळ्यात आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागवायचं नाही, आणि हात पाण्यात घालायचा तो त्यानंतरच. पुढचं झाकण काढून इम्पेलर ओढा. चुंबक कॉइलच्या लोखंडाला धरून असतो, त्यामुळे किंचित हिसका द्यावा लागतो. आत सापडतात त्या वस्तू ठरलेल्या: केस, पाणवनस्पतींचे धागे, खडीचा कण, एखादी मुगाएवढी गोगलगाय. मधली दांडी सिरॅमिकची असेल तर ती चहाच्या कपासारखी ठिसूळ, एकदा पडली की दोन तुकडे. काही फिल्टरांत चुंबकाच्या वेष्टनाला तडा जाऊन आतला चुंबक गंजतो, फुगतो आणि खोबणीला घासू लागतो. तेव्हा इम्पेलर बदलण्याला पर्याय नाही. घूं आवाजसुद्धा येत नसेल तर कॉइल किंवा वायर गेली समजा. आणि पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर तो फिल्टर टाकून द्या. चिकटपट्टी गुंडाळून तो वापरणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या नशिबाला नमस्कार.

बोअरचं जड पाणी असेल तर खोबणीत पांढरा थर धरतो. किटलीत धरतो तोच हा चुना, कॅल्शियम कार्बोनेट. इम्पेलर आणि दांडी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवली की बुडबुडे येतात (तो कार्बन डायऑक्साइड) आणि थर सुटतो. मग साध्या पाण्याने धुवा. स्पंजला मात्र व्हिनेगर लावायचं नाही.

धार येते पण बारीक येते, ही तक्रार वेगळी. मोटर हळू फिरू शकत नाही हे एकदा ध्यानात आलं की निदान सोपं होतं: चक्री फिरते आहे ना, मग वाट अडली आहे. स्पंज तुंबला असेल, नळीत शेवाळ असेल, नाहीतर आत हवा अडकली असेल. हवा पाण्यापेक्षा सुमारे 800 पट हलकी; पाणी ढकलण्यासाठी घडवलेल्या पात्यांना ती फेकता येत नाही आणि फिल्टर खडखडत राहतो. तो पाण्याखालीच तिरका करा, बुडबुडा निघून जाईल. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटून पातळी फिल्टरखाली गेली तरी हेच होतं.

आता माझ्या माशांकडे येतो. मासे आपल्यासारखी युरिया बनवण्याची खटपट फारशी करत नाहीत. बहुतेक अमोनिया कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतात. बंद टाकीत हे विष साठत गेलं पाहिजे. साठत नाही, कारण स्पंजच्या छिद्राछिद्रांवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो असं वर्षानुवर्षं छापलं जायचं. 1998 साली टिमोथी होव्हानेक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा हा वेगळाच जिवाणू निघाला. 2015 मध्ये तर दोन्ही कामं एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि ज्या दोन गटांना ते सापडले त्यांपैकी नेदरलँड्समधल्या गटाचा नमुना मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमधलाच होता.

हे जीव वाढतात फार सावकाश. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना चांगल्या परिस्थितीतही अर्धा-एक दिवस लागतो. नव्या टाकीत त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे जातात. मी नळाखाली धरला होता तो हा थर, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते असल्या जीवांना मारण्यासाठीच. स्पंज स्वच्छ झाला आणि टाकी निराधार. त्यात पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता सांगणारा आकडा, 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचं विषारी रूप जवळपास दहापट होतं. 25 अंशांना शंभरात एकाहूनही कमी असलेला त्याचा वाटा पाचावर जातो. बोअरचं पाणी बहुधा 7 च्या वरचंच.

स्पंज धुवायचाच नाही असं नाही. टाकीतलंच बादलीभर पाणी काढून त्यात दोन-तीनदा हलका पिळायचा. तो काळपट राहतो, राहू द्यावा. फिल्टर तासन्‌तास बंद राहणार असेल तर स्पंज काढून टाकीतच मोकळ्या पाण्यात ठेवावा, कारण त्यातल्या जीवांनाही ऑक्सिजन लागतो. बंद डब्यात ते गुदमरतात आणि फिल्टर सुरू करताच आतलं सडकं पाणी टाकीत येतं. आणि माझ्यासारखी चूक झालीच, तर खाणं तोडा, रोज पाव टाकी पाणी क्लोरीन घालवून बदला आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा. पाणी स्वच्छ दिसतं यावर जाऊ नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

ऑगस्टमध्ये मी नवा फिल्टर घेतला, पण जुना काढला नाही; महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवले. दिवाळीत वरच्या मजल्यावरच्यांनी टाकी आणली, तेव्हा विरजण द्यावं तसा त्या जुन्या काळ्या स्पंजचा अर्धा तुकडा डब्यात, टाकीतलंच पाणी घालून, त्यांना नेऊन दिला. काकूंनी झाकण उघडून वास घेतला आणि डबा लगेच काकांच्या हातात दिला.