ध्रुवीय तापमानवाढीचे अंदाज : अनिश्चिततेची पार्श्वभूमी

महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग थेट जमिनीला टेकतात. हीच सोय पाहून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये तेथे ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. जगभरातील हवामान प्रारूपांच्या, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित मांडणाऱ्या प्रतिकृतींच्या, तुलनेच्या सहाव्या फेरीत भारताचे जे प्रारूप उतरले, तेही याच संस्थेचे. सातारा जिल्ह्याचा ध्रुवांशी संबंध एवढाच असला, तरी ध्रुवांकडील तापमान किती वाढेल, या अंदाजांतील वादाचा एक मोठा धागा ढगांपर्यंतच येतो.

उष्णता ध्रुवांकडे अधिक वाढणार, हे भाकीत तसे जुने आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांच्या १८९६ मधील हातगणितातही त्याची चाहूल आहे. बर्फ वितळला की खालचे काळे पाणी अधिक ऊन शोषते आणि आणखी बर्फ वितळतो, हे चक्र बुडिको आणि सेलर्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे समीकरणांत मांडले. १९७५ मध्ये मानाबे आणि वेदरल्ड यांच्या त्रिमितीय प्रारूपातही उच्च अक्षांशांवरील वाढ ठळकपणे दिसली. किती, हा प्रश्न मात्र सुटला नाही. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे सरासरी तापमान १.५ ते ४.५ अंशांनी वाढेल, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने १९७९ मध्ये सांगितले आणि ही रुंद पट्टी पुढे दशकानुदशके जवळजवळ तशीच राहिली.

अडचण ढगांतील पाण्याची आहे. ते शून्याच्या बऱ्याच खालीही द्रवरूप राहते, पण अनेक जुनी प्रारूपे त्याचा फार लवकर बर्फ करीत. हवा तापली की प्रारूपांतील या कागदी बर्फाचे पाणी होई, ढग अधिक उजळ होऊन जास्त ऊन परतवीत आणि तापमानवाढ प्रमाणाबाहेर दबून जाई. सहाव्या फेरीत ही चूक बऱ्याच अंशी सुधारली, तर कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीला काही प्रारूपे ५ अंशांच्याही पुढे गेली. म्हणून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने प्रारूपांवरच विसंबून न राहता निरीक्षणे आणि प्राचीन हवामानाचे पुरावेही जमेस धरून २.५ ते ४ अंश ही पट्टी संभाव्य मानली, आणि ते योग्यच झाले. महाबळेश्वरचे जमिनीलगतचे ढग उबदार पाण्याचे असल्याने या विशिष्ट कोड्याचे उत्तर तेथे मिळणार नाही, हेही खरे.

उत्तर ध्रुवाकडे प्रत्यक्ष वाढ प्रारूपांच्या पुढे धावली : १९७९ पासून तेथील वेग जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट असल्याचे २०२२ च्या अभ्यासात आढळले. दक्षिणेकडे उलटेच घडले. बहुतेक प्रारूपे घट दाखवीत असताना अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ २०१४ मध्ये विक्रमी पसरला, २०१६ पासून झपाट्याने आटला आणि २०२३ मध्ये नीचांकाला गेला. त्याच्या भविष्यातील घटीच्या अंदाजांवर कमी विश्वास असल्याचे २०२१ च्या अहवालाने आधीच नोंदवून ठेवले होते.