किरणोत्सर्ग मात्रेच्या अभ्यासातील लोकसहभाग

अणुभट्ट्या, वापरलेल्या अणुइंधनातून उपयुक्त द्रव्ये वेगळी काढणारे पुनर्प्रक्रियेचे कारखाने किंवा युरेनियमच्या खाणी यांच्या परिसरात राहणाऱ्यांच्या शरीरात किती किरणोत्सर्ग पोहोचला (म्हणजेच मात्रा) व त्याचा आरोग्यावर काय परिणाम झाला, हे शोधण्याच्या कामात तेथील रहिवाशांनी प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्षांची छाननी करण्यापर्यंत भाग घेणे, अशी या संकल्पनेची व्याख्या करता येते. मोजमापाची उपकरणे हाताळणे हा तिचा सर्वांत दृश्य, पण सर्वांत महत्त्वाचा नव्हे असा भाग आहे.

धुराड्यातून किती किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडले याची नोंद कारखान्याकडे असते. ते द्रव्य माणसापर्यंत कोणत्या वाटेने आले, हे मात्र त्या माणसाचे राहणे, खाणे आणि काम यांवर अवलंबून असते. आयोडीन-131 हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर बसते, गाईच्या दुधात उतरते आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे द्रव्य नष्ट होण्यास लागणारा काळ, सुमारे 8 दिवसांचा असल्यामुळे काही महिन्यांनंतर मोजण्यासारखे काहीच उरत नाही. त्यामुळे अनेक दशकांपूर्वीची मात्रा ठरवायची झाल्यास उत्सर्जनाच्या व हवामानाच्या जुन्या नोंदी आणि माणसांच्या आठवणी एवढीच सामग्री हाती राहते.

याचे सर्वांत बोधक उदाहरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड येथील आहे. कोलंबिया नदीकाठच्या या केंद्रात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियमचे उत्पादन सुरू झाले आणि 1944 ते 1947 या वर्षांत तेथून आयोडीन-131 चे सर्वाधिक उत्सर्जन झाले. डिसेंबर 1949 मध्ये ‘ग्रीन रन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लष्करी प्रयोगात, भट्टीतून काढून पुरेसे दिवस थंड होऊ न दिलेले इंधन मुद्दाम विरघळवण्यात आले आणि सुमारे 8,000 क्युरी (क्युरी हे किरणोत्सारितेचे एकक) आयोडीन-131 हवेत सोडले गेले. वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांना यातले काहीही सांगितले गेले नव्हते. स्थानिक वृत्तपत्रे आणि स्पोकेन येथील हॅनफर्ड एज्युकेशन ॲक्शन लीगसारख्या नागरिक संघटनांनी पाठपुरावा केल्यावर फेब्रुवारी 1986 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने सुमारे 19,000 पानांची कागदपत्रे खुली केली, आणि तेव्हा कुठे हा इतिहास लोकांसमोर आला.

त्यानंतर रहिवाशांना पूर्वी मिळालेल्या मात्रेचा अंदाज बांधण्यासाठी हाती घेतलेल्या मात्रा-पुनर्रचना प्रकल्पाचे गणिती काम बॅटेल या संस्थेकडे होते, आणि हीच संस्था ऊर्जा विभागासाठी हॅनफर्डची प्रयोगशाळाही चालवत होती. ज्याच्या कारभाराची चौकशी त्याच्याच पैशाने व त्याच्याच कंत्राटदाराकडून होत असेल, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, हा लोकांचा आक्षेप रास्त होता. म्हणून 1988 मध्ये एक स्वतंत्र तांत्रिक सुकाणू मंडळ नेमण्यात आले. त्यात शास्त्रज्ञांबरोबर शेजारील राज्यांचे व आदिवासी जमातींचे प्रतिनिधी होते आणि मंडळाच्या बैठका जनतेला खुल्या होत्या. 1992 मध्ये प्रकल्पाची सूत्रे ऊर्जा विभागाकडून काढून संघराज्याच्या रोगनियंत्रण केंद्राकडे सोपवण्यात आली.

लोकांच्या माहितीने गणित किती बदलते, हे दूध आणि मासे या दोन बाबतींत दिसते. डेअरीचे दूध अनेक ठिकाणांहून एकत्र होते व घरी पोहोचेपर्यंत काही दिवस जातात, तर दारच्या गाईचे दूध त्याच दिवशी प्यायले जाते. म्हणून घरची गाय असलेल्या कुटुंबांतील मुलांची मात्रा सर्वांत जास्त निघाली. गाय चरायला कुठे जात होती, हे सांगणारी कागदपत्रे नव्हती, ते सांगणाऱ्या आया होत्या. माशांच्या बाबतीत कोलंबिया खोऱ्यातील चार जमातींच्या आंतरजमातीय मत्स्य आयोगाने 1994 मध्ये प्रसिद्ध केलेले सर्वेक्षण उल्लेखनीय आहे. नदीच्या सर्वसाधारण प्रदूषणासाठी केलेल्या त्या पाहणीत जमातींतील प्रौढ व्यक्ती दिवसाला सरासरी 58.7 ग्रॅम मासे खाते असे आढळले, तर तेव्हाचे सरकारी गृहीतक 6.5 ग्रॅमचे होते. असे गृहीतक कोणत्याही मात्रेच्या गणितात घातले, तर पुढचे समीकरण कितीही अचूक असले तरी उत्तर चुकणारच.

मात्र सहभागाने वाद मिटतातच असे नाही. अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने हॅनफर्ड परिसरात 1940 ते 1946 दरम्यान जन्मलेल्या 3,440 व्यक्तींची थायरॉइड तपासणी केली आणि त्यांच्या माता किंवा जवळच्या नातेवाइकांकडून लहानपणच्या आहाराची माहिती घेतली. मात्रा वाढते तसे रोगाचे प्रमाण वाढत नाही, असा निष्कर्ष जानेवारी 1999 मध्ये मसुदारूपात जाहीर झाला, तेव्हा रहिवाशांत संताप उसळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी अभ्यासाची आखणी चांगली ठरवली, पण निष्कर्षाची निश्चितता प्रमाणाबाहेर मांडली गेली व तो लोकांना नीट समजावला गेला नाही, असे मतही नोंदवले. 2002 च्या अंतिम अहवालात मूळ निष्कर्ष कायम राहिला. लोकांना आठवणी सांगण्यापुरते बोलावून अर्थ लावताना बाहेर ठेवले की काय होते, हे या प्रसंगातून दिसते.

फ्रान्समध्ये ला हाग येथील पुनर्प्रक्रिया कारखान्याच्या परिसरात हा अर्थ लावण्याचा टप्पाच खुला करण्यात आला. तेथील किनाऱ्यावर जाणे व स्थानिक मासे-शिंपल्या खाणे यांचा तरुणांतील रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सुचवणारा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ‘संतप्त माता’ या नावाने स्थानिक स्त्रिया संघटित झाल्या. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या अभ्यासगटात कारखान्याचे, सरकारी संस्थांचे आणि आक्रोसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळा चालवणाऱ्या नागरिक संघटनांचे तज्ज्ञ एकत्र बसले. प्रत्यक्षात रक्ताच्या कर्करोगाचे 4 रुग्ण आढळले होते. कारखान्यांमुळे उद्भवू शकणारी रुग्णसंख्या गटाने सुमारे 0.002 काढली. अनिश्चिततेची मर्यादा न देता हा आकडा मांडण्यास काही संघटनांनी हरकत घेतली, ती अहवालात नोंदवली गेली आणि पुढच्या टप्प्यात अनिश्चिततेचाच स्वतंत्र अभ्यास झाला. एकमत झाले नाही तरी मतभेद कशाबद्दल आहे हे स्पष्ट झाले, आणि अशा कामात ही लहान गोष्ट नव्हे.

प्रत्यक्ष मोजणीतील सहभागाची परंपरा वेगळी आहे. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातील 1979 च्या अपघातानंतर भट्टीच्या इमारतीतील क्रिप्टॉन-85 हा किरणोत्सारी वायू 1980 मध्ये बाहेर सोडताना आसपासच्या गावांतील रहिवाशांना मापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर 2011 मध्ये सुरू झालेल्या सेफकास्ट या उपक्रमात स्वयंसेवकांनी मोटारीवर बसवलेल्या मापकांनी रस्तोरस्तीचे आकडे गोळा करून सर्वांसाठी खुले केले.

भारतात राजस्थानातील रावतभाटा अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात संघमित्रा व सुरेंद्र गाडेकर यांनी 1991 मध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने केलेले घरोघरचे सर्वेक्षण प्रसिद्ध आहे. केंद्राजवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण दूरच्या गावांपेक्षा जास्त आढळल्याचे त्यांनी मांडले. अणुऊर्जा आस्थापनेने ते फेटाळले. व्यक्तीनिहाय मात्रा मोजलेली नसल्याने कारण सिद्ध करण्यास हे सर्वेक्षण अपुरे होते, हे मान्य करूनही ते संयुक्तपणे पुन्हा करून पाहणे शक्य होते. महाराष्ट्रात 1969 पासून चालू असलेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या परिसरातील नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तपासते, आणि सामान्य नागरिकासाठी नैसर्गिक किरणोत्सर्गाव्यतिरिक्त वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची (हे मात्रेचे एकक) मर्यादा लागू आहे. नमुने कोठून व कशाचे घ्यायचे, हे ठरवण्याचे काम मात्र आस्थापनेकडेच राहते. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प अद्याप उभा राहिलेला नसल्यामुळे माडबन व साखरी नाटे परिसरातील कुटुंबांचा मासळीचा आहार, पाण्याचे स्रोत आणि सध्याचे आजार यांची नोंद तेथील लोकांबरोबर आधीच करून ठेवणे तेथे अजून शक्य आहे.