महागडं पेट्रोल हा ‘टिकटिकी’वरचा इलाज नव्हे

1980 च्या दशकातली फोर्ड एफ-150 पिकअप चढावर किंवा ओझं ओढताना टिक-टिक वाजू लागली, की अमेरिकेत हमखास सल्ला मिळतो: प्रीमियम पेट्रोल टाका. आवाज कमी होतोही, म्हणूनच हा समज टिकलाय. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब-उष्णतेने पेट्रोल आपोआप पेटू नये (तसं पेटलं की ही टिक-टिक येते), यासाठीची ती सहनशक्ती. (तिथल्या साध्या पेट्रोलचा 87 ऑक्टेन पाहून दचकू नका, मोजमाप वेगळं आहे. आपल्या मोजमापाने ते साधारण 91 होतं.)

ही गाडी नवी असताना साध्या पेट्रोलवर मुकाट चालत होती ना? मग बिघडलंय ते इंजिनात.

आधी टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावा. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे टायमिंग तपासा. ठिणगी वेळेआधी पडत असेल तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं. टायमिंग ठीक निघालं, तर ईजीआर व्हॉल्व्हकडे वळा. जळालेला थोडा वायू परत आत सोडून तो ज्वलन थंड ठेवतो. इंजिन आयडलवर असताना हातात धरायच्या व्हॅक्यूम पंपाने त्याला व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर उत्तम. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा वाट काजळीने बुजलीय. अनेकजण हा व्हॉल्व्ह ‘उगाच कटकट’ म्हणून बंदच करून टाकतात आणि मग प्रीमियमचे पैसे मोजत बसतात!

तडकलेला व्हॅक्यूम पाइप, चुकीचे प्लग, तापणारा रेडिएटर, पिस्टनवरची काजळी हेही संशयित. तोवर ओझं कमी ठेवा; ही टिक-टिक जोरात होत राहिली तर पिस्टन फुटू शकतो.