पांढऱ्या भाताचे बळी

१९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाच्या ताफ्याचा धुव्वा उडवला, तेव्हा एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला नमवले म्हणून भारतातही आनंद व्यक्त झाला होता. त्या विजयाचा विषय निघाला की आजही ॲडमिरल तोगो यांच्या नौकांचे आणि तोफांचेच वर्णन होते. त्याच युद्धात मांचुरियाच्या भूमीवर लढणाऱ्या जपानी लष्करातील सुमारे अडीच लाख सैनिकांना बेरीबेरीने गाठले आणि त्यांतील सुमारे २७ हजार दगावले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आरमारात या रोगाचे रुग्ण जेमतेम शंभराच्या घरात होते. दोन्ही दलांतील माणसे एकाच देशातली असली तरी त्यांच्या ताटातले अन्न निराळे होते.

पायांना मुंग्या येणे, ते जड होणे, सुजणे आणि शेवटी हृदय बंद पडणे अशी या रोगाची वाटचाल असते. जपानमध्ये त्याला ‘काक्के’ म्हणत आणि जुन्या काळी ‘एदोचे दुखणे’ असेही म्हणत, कारण एदो, म्हणजे आजच्या टोकियो, शहरात राहून पांढरा भात खाणाऱ्याला तो होई आणि गावाकडे परतून जाडेभरडे धान्य खाल्ले की बरा होई. लष्करात भरती होणाऱ्या गरीब तरुणाला दिवसाला सहा ‘गो’, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम, पांढरा तांदूळ मिळत असे आणि ती त्याच्या दृष्टीने चैन होती.

लंडनमध्ये शिकून आलेले आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी या प्रश्नाकडे आहाराच्या बाजूने पाहिले. ‘रियूजो’ ही शिक्षणनौका १८८२-८३ मध्ये न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि होनोलुलू अशी फेरी करून आली, तेव्हा तिच्यावरील ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले आणि २५ मरण पावले. ताकाकींनी खटपट करून १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ ही नौका त्याच मार्गाने पाठवली आणि तिच्यावर मांस, पाव अशा पदार्थांचा आहार ठेवला. २८७ दिवसांच्या त्या सफरीत बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. खलाशांना पाव रुचेना, म्हणून पुढे भातात सातू, म्हणजेच बार्ली, मिसळण्यात आली. आहारात प्रथिने कमी पडतात म्हणून हा रोग होतो, हे ताकाकींचे स्पष्टीकरण चुकीचे होते. एकाच मार्गावरच्या दोन नौकांची त्यांनी केलेली तुलना मात्र इतकी स्वच्छ होती की तिच्यापुढे ही चूक मला गौण वाटते.

खरी उणीव थायामिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची होती. पेशीत ग्लुकोजचे विघटन होऊन पायरुवेट तयार होते. त्यातून पुरेशी ऊर्जा मिळवायची तर त्याचा एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने तोडावा लागतो, आणि हा बंध सहजी तुटत नाही. थायामिनच्या रेणूत नायट्रोजन आणि गंधक यांच्या मधोमध एक कार्बन बसलेला असतो. तो आपला हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात सोडून ऋणभारित होतो आणि पायरुवेटच्या कार्बोनिल कार्बनला, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने बांधलेल्या कार्बनला, जोडला जातो. बंध तुटताना मागे उरणारे इलेक्ट्रॉन थायामिनचे धनभारित वलय सामावून घेते, म्हणूनच कार्बन डायऑक्साइड सुटू शकतो. मग थायामिन मोकळे होऊन पुढच्या रेणूकडे वळते. ते नसेल तर पायरुवेट आणि लॅक्टिक आम्ल साचत जाते, आणि सतत ऊर्जा लागणारे हृदय व मज्जातंतू आधी कोलमडतात.

पिष्टमय पदार्थ जितके जास्त खावेत तितके थायामिन जास्त लागते. दर हजार कॅलरींमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने ९०० ग्रॅम तांदळाला दीड मिलिग्रॅमहून अधिक थायामिन हवे. पॉलिश केलेल्या तांदळात त्याच्या निम्मेही नसते आणि धुण्या-शिजवण्यात त्यातलेही बरेच जाते, कारण थायामिन कोंड्यात आणि अंकुरात असते. कोकणात आणि गोव्यात खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळात ते टिकते, कारण भात सालासकट उकडताना ते दाण्याच्या आत मुरते. उणीव असेल तिथे हे जीवनसत्त्व प्राण वाचवते, पण म्हणून धडधाकट माणसाने थकवा घालवण्यासाठी ब-जीवनसत्त्वाची इंजेक्शने टोचून घेण्याला शास्त्रीय आधार मिळत नाही.

लष्कराच्या वैद्यकीय विभागाने ताकाकींचे म्हणणे मानले नाही. बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे शिकलेले आणि पुढे साहित्यिक म्हणून गाजलेले मोरी ओगाई यांच्यासह अनेकांचा कल हा रोग जंतूंमुळे होतो असे मानण्याकडे होता, आणि ती त्या काळातील सर्वांत आधुनिक उपपत्ती होती. १८८९ मध्ये मोरींनी सैनिकांवर आहाराची चाचणी घेतली आणि ऊर्जा व नायट्रोजन (म्हणजे प्रथिने) यांच्या हिशेबात पांढरा भात सरस ठरला. ही चाचणी अवघ्या काही दिवसांची होती. शरीरातील पंचवीस-तीस मिलिग्रॅम थायामिनचा साठा उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे तिच्यात रोग दिसणे शक्यच नव्हते. पुढे चीनशी झालेल्या १८९४-९५ च्या युद्धात लष्कराचे सुमारे चार हजार सैनिक बेरीबेरीने गेले, तरी रशियाशी लढाई सुरू झाली तेव्हाही रसद पांढऱ्या तांदळाचीच होती. अखेर १९०५ च्या मार्चमध्ये युद्धमंत्री तेराउची यांनी लष्कराच्या भातातही सातू मिसळण्याचा आदेश दिला.

बेरीबेरीच्या चौकशीसाठी १९०८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मोरींकडेच आले. १९१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ सुझुकी उमेतारो यांनी कोंड्यातून गुणकारी अर्क वेगळा केला. ताकाकी १९२० मध्ये आणि मोरी १९२२ मध्ये वारले. थायामिनचे शुद्ध स्फटिक यान्सेन आणि डोनाथ या डच शास्त्रज्ञांनी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, मिळवले ते १९२६ मध्ये.