रेल्वे फाटक व रुळांवरील सुरक्षा (खान्देश)

रस्ता आणि लोहमार्ग एकाच पातळीवर छेदतात तेथील समपार फाटकाला खान्देशात नुसते ‘गेट’ म्हणतात. मुंबई–भुसावळ, सुरत–जळगाव, चाळीसगाव–धुळे हे मार्ग इथली शिवारे चिरत जातात. गाव रुळाच्या अलीकडे आणि मळा पलीकडे असला की रूळ ओलांडणे हे रोजचेच काम होते. ब्रॉडगेजवरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत देशभर हटवली गेली, तरी पायवाटेने रूळ ओलांडणे थांबलेले नाही.

सर्वांत घातक ठरते ती दुसऱ्या रुळावरची गाडी. सुरत–जळगाव मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. त्याचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले. एक गाडी गेली की वाट मोकळी, ही एकेरी मार्गाने लावलेली सवय दुहेरी मार्गावर जिवावर बेतते. मालगाडीच्या खडखडाटात पलीकडची एक्सप्रेस ऐकू येत नाही, डब्यांआड ती दिसतही नाही. भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर गेले आणि कर्नाटक एक्सप्रेसची धडक बसून किमान १२ जणांचा जीव गेला. उतरावेच लागले, तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरावे.

गाडी दिसत नसताना फाटक का लावले, असा राग गेटमनवर निघतो. तो अन्यायाचा आहे. पुष्कळ फाटके सिग्नलशी जोडलेली असतात; फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. दांड्याखालून मोटारसायकल काढणे धोक्याचे आहे, आणि गेटमनवर दडपण आणून बंद फाटक उघडायला लावणे त्याहून वाईट. फाटक परस्पर उघडणे किंवा तोडणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार गुन्हा आहे.

विद्युतीकृत मार्गावरील तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. स्पर्श न होताही झटका बसू शकतो. फाटकाआधीची उंचीची कमान त्यासाठीच असते. कडबा किंवा कापूस उंच भरलेली ट्रॉली कमानीला लागत असेल तर माल उतरवावा, आणि भारावर कोणाला बसवून नेऊ नये.

ट्रॅक्टर रुळांवर बंद पडला तर माल वाचवत बसू नये. आधी सर्वांना उतरवून दूर न्यावे, लगेच गेटमनला सांगावे. लाल झेंडी, कंदील आणि फोन त्याच्याकडेच असतात.