नारिंगाचं गोत्र

जुळे सोलापूर असो की विजापूर रोड, अंगणात मोसंबी लावलेल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. नर्सरीतून आणलेल्या झाडाने दोन-तीन बहार गोड फळं दिली. मग एका कडक उन्हाळ्यात झाड वाळलं, पावसाळ्यात बुंध्यापासून जोमाने फुटलं, आणि त्या फुटीला लहान, केशरी सालीची, बियांनी भरलेली, दात आंबवणारी फळं लागली. ‘मोसंबी उलटली, तिची नारिंग झाली,’ असा निकाल शेजारीपाजारी देऊन टाकतात.

झाड असं उलटत नसतं. वाळली ती वरची, डोळा भरून केलेली मोसंबी. फुटला तो खालचा खुंट, म्हणजे ज्या दुसऱ्या झाडावर मोसंबीचा डोळा बसवला होता तो. शिवाय महाराष्ट्रात मोसंबीचा खुंट बहुधा जंबेरी किंवा रंगपूर या लिंबांचा असतो, नारिंगाचा नव्हे. रंगपूरचं फळ छोट्या संत्र्यासारखं दिसतं, साल सैल सुटते, रस मात्र जहाल आंबट. त्यामुळे त्यालाच नारिंग म्हटलं जातं.

खरं नारिंग ओळखायचं तर फळाआधी पान बघावं. या लिंबूवर्गीय कुळातल्या बहुतेक झाडांच्या पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी हिरवी पाती असतात, त्यांना पंख म्हणू. देठ जिथे पानाच्या मुख्य पात्याला मिळतो तिथे एक सांधा असतो. वाळलेलं पान नेमकं त्या सांध्यावर तुटतं. पूर्वजांचं पान बेलासारखं संयुक्त होतं, त्याची ही खूण. नारिंगाचा देठ लांब, दोन-तीन सेंटिमीटरचा, आणि पंख ठळक रुंद, सांध्याकडे पसरत जाणारे. मोसंबीचे पंख अरुंद. संत्र्याला आणि रंगपूरला ते जेमतेम रेघेइतके. पपनसाचे पंख इतके मोठे की एका पानाला दुसरं छोटं पान चिकटवल्यासारखं वाटतं. महाळुंगाला पंखही नाहीत आणि सांधाही धड नाही. कोवळी पानं यासाठी बघू नयेत. पूर्ण वाढलेली, फांदीच्या मधल्या भागातली चार-पाच पानं तोडून शेजारी-शेजारी ठेवावीत. खुंटाच्या जोमदार फुटीवरची पानं नेहमीपेक्षा मोठी असतात आणि फसवतात.

फळ हाताशी असेल तर आडवं कापावं. पिकलेल्या नारिंगाचा मधला दांडा पोकळ होतो. फोडी साधारण दहा-बारा, बिया भरपूर, साल जाड आणि खरबरीत, तेलाच्या पिशव्यांमुळे खळगे पडल्यासारखी. रस जिभेवर ठेवताच आंबट लागतो आणि लगेच मागून कडू. रंगपूर आंबट असतं, पण असं कडू नसतं.

नावावर विसंबण्यात अर्थ नाही, सोलापुरात तर नाहीच. इथे बाजारात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच टोपलीभोवती चालतात. तेलुगू बोलणाऱ्या घरातलं ‘नारिंज’ म्हणजे आपलं नारिंग, पण कानडी ‘हेरळेकाई’ कुणी नारिंगाला म्हणतं, कुणी महाळुंगाला. मराठीतलं ईडलिंबू कोणतं, हेही गावागणिक बदलतं. महाळुंग हे नाव तेवढं पक्कं: कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ तेच, आणि आपल्या माळशिरस तालुक्यात त्याच नावाचं गावही आहे. नारिंगाच्या कुळकथेत या महाळुंगाचं काम पुढे येणार आहे.

आता शास्त्रीय नावाकडे. वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ साली लिंबूवर्गाच्या दोनच जाती मानल्या. एक सिट्रस मेडिका, म्हणजे महाळुंग, आणि त्यातच त्याने युरोपी लिंबू म्हणजे लेमन घातलं. दुसरी सिट्रस ऑरँशियम, म्हणजे नारिंग, आणि गोड संत्रं (म्हणजे मोसंबीचं घराणं, आपलं सैल सालीचं संत्रं नव्हे) त्याने तिचाच एक प्रकार मानलं. त्याचाच शिष्य पेर ऑस्बेक याने १७६५ मध्ये गोड फळाला सिट्रस सायनेन्सिस अशी वेगळी जात करून टाकली. आपली मोसंबी याच नावाखाली येते. पुढे जाती वाढतच गेल्या. विसाव्या शतकात अमेरिकेतला स्विंगल १६ जाती धरत होता, तर जपानमधला तानाका दीडशेच्या पुढे गेला. दोघेही तज्ज्ञ, दोघांपुढची झाडंही तीच. एवढा फरक पडला कारण या कुळात कोणाचाही कोणाशी संकर होतो आणि तो संकर हुबेहूब स्वतःसारखी प्रजा देत राहतो. जात म्हणावं तर संकर, संकर म्हणावं तर जातीसारखा टिकाऊ.

जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर या भांडणाचा बराचसा निकाल लागला. नारिंग हा पपनस आणि मंडारिन (आपल्या संत्र्याचं घराणं) यांचा सरळ, पहिल्या पिढीचा संकर निघाला. अठरा गुणसूत्रांपैकी नऊ पपनसाची, नऊ मंडारिनची. हरितलवकातला डीएनए फक्त आईकडून येतो, आणि तो नारिंगात पपनसाचा आहे. म्हणजे आई पपनस, बाप मंडारिन. मोसंबीचे पूर्वजही हेच दोन, पण तिथे दोन्ही घराण्यांमध्ये पुन्हा पुन्हा मिसळ झालेली दिसते. आंबट नारिंग हे रानटी मूळ आणि त्यातून माणसाने गोड मोसंबी काढली, ही समजूत त्यामुळे मोडीत निघते. ती दोघं मायलेकरं नाहीत, भाऊबंद आहेत.

नामकरणाच्या नियमाप्रमाणे त्याच दोन जातींच्या सगळ्या संकरांना एकच नाव लागतं, आणि ते सर्वांत जुनं असावं लागतं. म्हणून आता अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मोसंबी आणि ग्रेपफ्रूट यांनाही सिट्रस × ऑरँशियम असंच लिहितात. मधला गुणाकार संकर दाखवतो. फळबाग शास्त्रातली मंडळी मात्र सायनेन्सिस सोडायला तयार नाहीत, आणि बागेत काम करताना ते नाव सोयीचं आहे हेही खरं. गंमत अशी की लिनियसने अंदाजाने बांधलेली मोट अडीचशे वर्षांनी, वेगळ्या कारणासाठी का होईना, बरीचशी बरोबर ठरली. लेमनच्या बाबतीत तो अर्धाच चुकला: लेमनचा बाप महाळुंग खराच, पण आई नारिंग आहे. म्हणजे लेमन हे पपनसाचं नातवंड. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येणारं आपलं कागदी लिंबू मात्र या घरातलं नव्हे. त्याचाही बाप महाळुंगच, पण आई फिलिपिन्सकडची एक रानटी जात आहे. जंबेरी आणि रंगपूर ही मंडारिन आणि महाळुंगाची मुलं. एकट्या महाळुंगाचा केवढा संसार झाला बघा.

हे सगळं कुळ कुठून आलं? २०१८ मध्ये साठ झाडांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हे कुळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनमधला युनान यांच्या टापूत उगम पावलं, आणि ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस कमजोर होत गेला त्या काळात, वेगाने फांद्या फुटून पसरलं. युनानमध्ये सापडलेलं लिंबूवर्गीय पानाचं जीवाश्मही याच काळातलं आहे. पपनस आणि मंडारिन यांची गाठ त्यानंतर फार उशिरा पडली.

तिथून नारिंग पश्चिमेकडे निघालं आणि नाव बरोबर घेऊन गेलं. संस्कृत नारंग, त्याचं फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा, आणि पुढे सुरुवातीचा ‘न’ गळून ऑरेंज. संस्कृतात हा शब्द द्राविडी भाषांतून आला असावा असं बरेच भाषाभ्यासक मानतात, म्हणजे तेलुगू ‘नारिंज’ हे पाहुणं नसून मूळ घराजवळचं असू शकतं. अरबांनी दहाव्या शतकाच्या सुमारास हे झाड भूमध्य समुद्राकाठी नेलं. गोड संत्रं तिथे पोचलं ते त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी. स्पेनच्या सेव्हिल शहरात रस्त्याकडेला आजही नारिंगाच्या रांगा आहेत आणि तिथली फळं इंग्रजांच्या मार्मालेडसाठी जातात.

एकदा झालेला संकर इतकी शतकं जसाच्या तसा कसा राहिला? उत्तर बीमध्ये आहे आणि ते स्वयंपाकघरात तपासता येतं. ताज्या कागदी लिंबाच्या दहा-बारा बिया रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी वरचं पांढरट टरफल टोकाकडून नखाने सोला, आतलं तपकिरी पातळ आवरणही काढा. बऱ्याच बियांत एकाऐवजी दोन-तीन गर्भ, लहानमोठे, एकमेकांत दाबून बसलेले दिसतील. हाच प्रयोग पपनसावर करा, एकच गर्भ मिळेल. या अनेक गर्भांपैकी फार तर एखादा परागाशी संयोग होऊन बनलेला असतो. बाकीचे आईच्याच पेशींपासून, बापाविना तयार होतात. ती रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात. नारिंगही असंच. त्यामुळे बी पेरूनही प्रत्यक्षात कलमच केल्यासारखं होतं. २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी यामागचं जनुक दाखवून दिलं: त्याच्या शेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा घुसलेला असला की ही नक्कल सुरू होते. पपनसात तो तुकडा नाही. नारिंगाला हा गुण बापाकडून मिळाला.

कडूपणा आईकडून. पपनसात एक विकर (एन्झाइम) असतं, ते फ्लॅव्होनॉइड नावाच्या संयुगाला साखरेची जोडी विशिष्ट कोनात जोडतं आणि नारिंजिन, निओहेस्पेरिडिन ही कडू संयुगं बनतात. मोसंबीत हे विकर काम करत नाही. तीच साखर दुसऱ्या जागी जोडली जाते आणि बेचव हेस्पेरिडिन तयार होतं. एवढ्याशा कोनाने केवढा फरक. निओहेस्पेरिडिनवर कारखान्यात प्रक्रिया केली तर उलट साखरेच्या शेकडो पट गोड पदार्थ मिळतो.

रसवंतीवर काढून ठेवलेला मोसंबीचा रस तासाभराने कडू होतो, ते वेगळं प्रकरण. तिथे लिमोनिन नावाचं कडू संयुग दोषी असतं. अखंड फोडीत त्याचं पूर्वरूप बेचव असतं. फोड फुटली की रसातल्या आम्लामुळे ते हळूहळू लिमोनिन होतं. बिया आणि पांढरा मगज रगडला की जास्त. म्हणून बिया काढून, हलक्या हाताने दाबून, लगेच प्यावा. नारिंग मात्र पहिल्या घोटालाच कडू असतं, त्याला ताजेपणाचा इलाज नाही.

खाण्यात कमी पडलेलं नारिंग जमिनीखाली फार मोलाचं ठरलं. १८४२ मध्ये अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर बुंध्यातून डिंक गळून बागा वाळायला लागल्या. हाच आपला डिंक्या, फायटोफ्थोरा बुरशीचा. नारिंगाची मुळं तो सोसतात, म्हणून जगभर खुंट म्हणून नारिंग आलं. चुनखडीच्या जमिनीतही ते बऱ्यापैकी तग धरतं. मग आपल्याकडच्या चुनखडी काळ्या रानात, जिथे लोह मिळेनासं होऊन पानं शिरा सोडून पिवळी पडतात, तिथे ते का नाही?

कारण ट्रिस्टेझा. पोर्तुगीज शब्द, अर्थ उदासी. १९३०च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत नारिंगाच्या खुंटावरची लाखो मोसंबीवर्गीय झाडं या विषाणूने मेली. काळपट तपकिरी मावा तो पसरवतो. एकटं नारिंग मरत नाही, जंबेरीवरची मोसंबीही सहसा मरत नाही. मात्र वर मोसंबी आणि खाली नारिंग अशी जोडी असली की जोडाच्या जागी अन्नरस नेणाऱ्या पेशी मरतात, मुळं उपाशी पडतात आणि फळांनी लदलेलं झाड काही आठवड्यांत सुकतं. जोडाखालची साल चौकोनी कापून उलटून बघावी: आतल्या बाजूला सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसली तर संशय पक्का. कागदी लिंबू तर या विषाणूला इतकं हळवं की प्रयोगशाळेत तपासणीसाठी तेच लावतात.

म्हणून आपल्याकडे जंबेरी आणि रंगपूर. जंबेरी ट्रिस्टेझा सोसतं, पण डिंक्याला लवकर बळी पडतं, त्याची काळजी बागायतदाराने घ्यायची. डोळा भरलेली जागा जमिनीपासून वीतभर तरी वर राहावी. माती लावताना ती गाडली की बुरशीला दार उघडलं. आळ्यातलं पाणी बुंध्याला टेकू नये. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट (एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी) बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत लावावी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी बादली चालत नाही, मोरचूद तिला खातं. जोडाखालची फूट कोवळी असतानाच हाताने ओरबाडून काढावी. कात्रीने कापली तर तळाशी डोळे राहतात आणि एकाच्या जागी चार फुटतात.

खुद्द नारिंग लावायचं असेल तर फुलांसाठी लावावं. नेरोली हे महागडं अत्तरी तेल त्याच फुलांचं. बी ताजंच पेरावं, वाळलं की उगवण झपाट्याने घटते. धुऊन, सावलीत एक दिवस सुकवून, सेंटिमीटरभर खोल. तीन-चार आठवड्यांत कोंब येतात. एका बीतून दोन-तीन आले तर दमदार ठेवतात. वाफ्यात बाकीच्यांपेक्षा पानाने, उंचीने वेगळं निघालेलं रोप नर्सरीवाले उपटून टाकतात. बापाचा वाटा मिळालेलं रोप बहुधा तेच असतं.